पटाशी आणि पाच थरांचा डेक

तिला सगळे पटाशी म्हणतात. पटाशी म्हणजे सुताराचं ते चपट्या पात्याचं हत्यार, मागून ठोकलं की लाकूड तासत जातं. हे नाव तिला फर्निचरच्या कारखान्यातल्या मुकादमाने दिलं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. अंगाने काडी, आणि तोंडाने अशी की मुकादमाने एक शब्द टाकला की ही दोन परत करायची. "ही मुलगी नाही, पटाशी आहे," असं तो एकदा वैतागून म्हणाला आणि त्यानंतर तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत उरलं. आता ती एकावन्नची आहे. नवराही पटाशीच म्हणतो. खऱ्या नावाने हाक मारली की समजायचं, आज भांडण आहे.

रंग लावणारे पुष्कळ असतात, हिचं काम रंग काढायचं. जुन्या दारांवरचे, कपाटांवरचे, खिडक्यांच्या चौकटींवरचे रंगाचे थर उतरवून खालचं लाकूड मोकळं करायचं. कारखान्यात हे काम मागच्या खोलीत चाले. खोलीला एकच खिडकी, तीही थंडी लागते म्हणून बंद. रंग सोडवणाऱ्या रिमूव्हरचे डबे उघडे असत आणि तोंडाला रुमाल बांधला की झालं, अशी सगळ्यांची समजूत. बावीस वर्षं तिने त्या खोलीत काढली.

चाळिशीच्या आसपास एका सकाळी दूध करपलं. सासूबाई आतल्या खोलीतून ओरडत आल्या, "अगं, घरभर वास सुटलाय, तू इथेच उभी आहेस ना?" ती खरंच शेगडीपासून दोन हातांवर उभी होती, पाठ करून कांदा चिरत होती. तिला काहीही कळलं नव्हतं. मग तिने कांदा नाकाशी धरला, साबण धरला, नवऱ्याचा सदरा धरला. नवरा बेकरीत भट्टीवर कामाला, त्याच्या कपड्यांना कायम भाजल्या पावाचा वास असतो, असं तीच सगळ्यांना सांगायची. सदरा नुसता सदरा होता.

डॉक्टरांनी तपासलं, कामाचं विचारलं आणि म्हणाले, रिमूव्हरने झालं असेल, मागे ताप आला होता त्याने झालं असेल, नक्की सांगता येत नाही. परत येईल का, तेही सांगता येत नाही. तिने ही गोष्ट नवऱ्याला आणि सासूबाईंना सांगितली आणि तिथेच तोंडाला कुलूप लावलं. रसायनांत काम करणाऱ्या बाईला वास येत नाही हे कळलं तर कोण दारात उभं करील? पुढे कारखाना बंद पडला आणि ती स्वतःची कामं घेऊ लागली, तेव्हा तर हे गुपित तिने आणखीच जपलं. गिऱ्हाईक नाकाला पदर लावून "फार उग्र आहे हो" म्हणालं की तीही नाक मुरडायची. सवयीने तेही जमायला लागलं.

तर अशी ही पटाशी तीन वर्षांपूर्वी अंधांच्या वसतिगृहात कामाला गेली.

तिथे साठेक माणसं राहतात. एका बाजूला राहायच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला कामशाळा, आणि दोन्हींना जोडणारा लाकडी फळ्यांचा लांबलचक डेक, म्हणजे जमिनीपासून हातभर उंच बांधलेला उघडा सज्जा. एका कडेला भिंत, दुसऱ्या कडेला कठडा, खाली बाग. जेवायला, कामाला, फिरायला, सगळ्यांची ये-जा याच डेकवरून. पूर्वी फळ्या उघड्या होत्या. दहा वर्षांपूर्वी कुणा भल्या माणसाला वाटलं की लाकूड खराब दिसतंय, म्हणून त्याने त्यावर तपकिरी सॉलिड स्टेन मारून दिला. सॉलिड स्टेन नावालाच स्टेन. लाकडात मुरण्याऐवजी तो वर पापुद्र्यासारखा बसतो, रेघा, गाठी, सगळं झाकून टाकतो. मग दर दोन वर्षांनी त्यावर आणखी एक हात. असे पाच थर झाले.

"दिसायला छान झालं असेल," वसतिगृहाच्या अधीक्षकबाई पहिल्या दिवशी तिला म्हणाल्या. उंच, सडपातळ बाई, बोलणं मोजून मापून. "पण ज्यांच्यासाठी डेक आहे त्यांना दिसतच नाही. त्यांना पायाला कळायचं. फळ्यांमधल्या फटी, पायऱ्यांजवळची कडेची खाच असलेली फळी. आता सगळं गुळगुळीत. ओलं झालं की पाय सटकतो. मागच्या महिन्यात आमच्या एका बाईंचं मनगट मोडलं. हा रंग निघेल का?"

पटाशीने स्पिरिटमध्ये फडकं भिजवून कोपऱ्यात घासलं. तपकिरी रंग फडक्यावर उतरला. "वरचा पाण्याचा रंग आहे, निघेल," ती म्हणाली. मग तिने रंग काढायच्या लोखंडी पट्टीने थोडं खोल खरवडलं. तळाचा थर हलेना. "खाली मात्र तेलाचा रंग दिसतोय. त्याला वेगळं औषध लागेल. निघेल, पण दोनदा काढावा लागेल. वेळ लागेल."

"किती?"

"सहा-सात आठवडे. कठड्याच्या गजांवर अवलंबून. फळ्या सरळ असतात, गज जीव घेतात."

रंगात शिसं आहे का तेही तिने तपासून घेतलं. ते नव्हतं. काम ठरलं.

अडचण अशी की डेक बंद ठेवता येत नव्हता. म्हणून तिने लांबीत दोन भाग केले. भिंतीकडचा अर्धा आधी, कठड्याकडचा नंतर, आणि मधून कमरेएवढ्या उंचीवर दोर. रोज सकाळी न्याहारीच्या वेळी जेवणघरात जाऊन ती मोठ्याने सांगायची, "आज भिंतीकडे कुणी यायचं नाही. दोर उजव्या हाताला ठेवा." पहिल्याच दिवशी एका कोपऱ्यातून आवाज आला, "येताना उजव्या, की जाताना उजव्या?"

सगळे हसले. ती गडबडली. "कामशाळेकडे जाताना उजव्या. येताना डाव्या."

"मग तसं सांगा ना, बाई. आम्ही काय एकाच दिशेने जातो?"

हे वेतकाका. वय सत्तरच्या पुढे, वेताच्या खुर्च्या विणण्यात चाळीस वर्षं गेलेली. बोटं झाडाच्या मुळांसारखी, आवाज खणखणीत, आणि दुसऱ्याच्या कामातली चूक काढायची भारी हौस. कामशाळेचं दार डेकवरच उघडायचं, त्यामुळे पटाशी दिवसभर त्यांच्या तावडीत होती.

काम असं चालायचं. आधी बागेतली झाडं पाणी मारून ओली करायची, त्यांवर प्लास्टिक घालायचं. मग जेलसारखं रिमूव्हर चार फळ्यांवर जाड थापायचं आणि ते वाळू नये म्हणून वरून पातळ प्लास्टिक. अर्धा तास घड्याळ लावून थांबायचं. रंग सुरकुतला की पट्टी लाकडाच्या रेघांच्या दिशेने चालवायची. आडवी चालवली की लाकूड ओरबाडलं जातं. निघालेला चिखल खोऱ्याने डब्यात भरायचा, ताठ ब्रशने घासायचं, पाण्याने धुवायचं. मग दुसरं औषध, तळाच्या थरासाठी. पुन्हा तेच. शेवटी लाकूड काळवंडलेलं असतं, ते उजळायला हलक्या आम्लाचं पाणी. वर आलेले खिळे ठोकून आत बसवायचे आणि दोन दिवस वाळल्यावर पॉलिशपेपर.

भिंतीला लागून, छपराच्या आडोशाखाली रंगाला ऊन-पाऊस माहीतच नव्हता. तिथे तो असा चिकटला होता की एका फळीला एक दिवस गेला.

संध्याकाळी वेतकाका चपला काढून, दोर वर उचलून धुतलेल्या फळ्यांवर यायचे. तळपाय सावकाश सरकवत चालायचे.

"इथे राहिलंय."

"काही राहिलं नाही, काका. स्वच्छ लाकूड दिसतंय."

ते खाली बसले आणि नखाने खरवडलं. नखात मेणासारखा पातळ पापुद्रा आला, लाकडाच्याच रंगाचा. तळाच्या थराचं तेल लाकडावर पसरून बसलं होतं.

"डोळे आहेत म्हणून त्यांच्यावर फार विसंबू नकोस," ते म्हणाले. तोपर्यंत 'बाई' आणि 'तुम्ही' संपून 'पटाशी' आणि 'तू' सुरू झालं होतं.

ती चिडली. पण रात्रभर विचार केल्यासारखी दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "काका, या चार फळ्या बघा, म्हणजे हात लावा." त्यांना तो शब्द बदललेला आवडला नाही. "बघतोच की. बघा म्हटलेलं चालतं आम्हाला."

चौथ्या आठवड्यात भिंतीकडचा भाग मोकळा झाला. खालून सोनेरी-करडं, घट्ट रेघांचं लाकूड निघालं. तिने पॉलिशपेपर मारला आणि पापुद्रा न धरणारं, मुरणारं जवसाचं तेल फडक्याने चोळायला घेतलं. आता हे तेल साधं दिसतं, पण तेल लागलेली फडकी बोळा करून ठेवली तर आतल्या आत तापतात आणि काडी न लावता पेट घेतात. पटाशीला हे पहिल्या वर्षापासून माहीत होतं. फडकं वापरून झालं की पाण्यात बुडवायचं किंवा तारेवर मोकळं पसरायचं. तीस वर्षांत तिने कधी चुकवलं नव्हतं.

त्या दिवशी चुकलं. सकाळी अकराच्या सुमाराला बेकरीतून फोन आला की नवऱ्याच्या हाताला भट्टीचा चटका बसलाय, दवाखान्यात नेलंय. तिने हातातली फडकी डेकच्या टोकाला असलेल्या हत्यारांच्या खोलीत, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबली, दार लोटलं आणि दवाखाना गाठला. चटका मोठा नव्हता. पट्टी बांधून नवऱ्याला घरी सोडलं, सासूबाईंच्या हवाली केलं आणि दोनच्या सुमाराला ती परतली. जीव भांड्यात पडला होता, म्हणून असेल, फडक्यांचं डोक्यातून गेलं ते गेलंच. तिने नवीन फडकं फाडलं आणि काम पुढे सुरू केलं.

चार वाजता ती हत्यारांच्या खोलीच्या दाराशीच बसून शेवटची फळी चोळत होती. कामशाळेच्या दारातून वेतकाका बाहेर आले. अर्धवट विणलेली खुर्ची हातातच होती.

"पटाशी, काहीतरी तापतंय."

"तेलाचा वास असेल, काका. सकाळपासून तेच चाललंय."

"तेलाचा वास मला सकाळपासून येतोय. हा तापलेल्या तेलाचा आहे." त्यांनी मान वळवली. "तुझ्या मागून येतोय."

ती उठली आणि दार उघडलं. खोक्याच्या वरून धुराची बारीक रेघ निघत होती. पुठ्ठ्याचा तळ काळा पडला होता. शेजारी स्पिरिटचा डबा होता, त्याच्या पलीकडे रिमूव्हरचे चार. तिने आधी डबे पायाने लांब सरकवले, मग खोरं खोक्याखाली घालून ते तसंच उचललं आणि कठड्यावरून खालच्या खडीवर फेकलं. पडताच खोकं फुटलं आणि आतल्या बोळ्याने भक्कन पेट घेतला. बागेचा पाइप सुरूच होता. दोन मिनिटांत सगळं विझलं. जळाली ती एक केरसुणी, खडीवर पडून राहिलेली.

तिला पाइप बंद करायलाही सुचेना. वेतकाका पाण्याच्या आवाजाकडे तोंड करून उभे होते.

"विझलं?"

"विझलं."

"तू दारात बसली होतीस," ते म्हणाले. "मी तीस पावलांवर, भिंतीच्या आत. तुला वास कसा आला नाही?"

"सर्दी झालीय."

"सर्दी झालेल्या माणसाचा आवाज मला कळतो."

तिने पाइप खाली ठेवला आणि तिथेच डेकच्या कडेला बसली. मग सांगितलं. मागची खोली, बंद खिडकी, करपलेलं दूध, नाक मुरडायची सवय, सगळं. घराबाहेर हे ती पहिल्यांदाच बोलत होती.

"अधीक्षकबाईंना सांग," शेवटी वेतकाका म्हणाले.

"काम जाईल माझं."

"जाईल कदाचित. मी सांगणार नाही, तूच सांगायचंस. पण एवढं लक्षात घे, इथे साठ माणसं राहतात. त्यांतल्या एकालाही धूर दिसत नाही. आम्ही नाकावर जगतो. आमच्यात नाक नसलेलं माणूस फिरतंय आणि आम्हाला ठाऊक नाही, हे बरोबर नाही."

ओल्या, तेलकट कपड्यांनीच ती कार्यालयात गेली.

अधीक्षकबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. "चूक होऊ शकते," त्या म्हणाल्या. "फोन आला, घाई झाली, समजू शकते मी. पण लपवणं ही चूक नव्हे. ते तुम्ही रोज करत होतात. उद्या काम बंद. मला विचार करू दे."

घरी नवरा पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून पडला होता. तिने झालेलं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्यामुळे झालं." ती म्हणाली, "तुझ्या हाताने नाही झालं, माझ्या नाकाने झालं." मग दोघंही हसले आणि सासूबाई आतून म्हणाल्या, "यात हसण्यासारखं काय आहे?" त्यावर ती रडली. सासूबाई येऊन शेजारी बसल्या. दूध करपलं त्या दिवशी आपण उगाच ओरडलो, असं काहीतरी पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी ती घरीच होती. तिसऱ्या दिवशी सकाळी अधीक्षकबाईंचा निरोप आला. अर्धा डेक उघडा आणि अर्धा गुळगुळीत, हे आधीपेक्षा धोक्याचं होतं. पाय एकावर सरावला की दुसऱ्यावर फसायचा. तेव्हा काम पूर्ण करा, पण अटींवर. तेल आणि रसायनं बाहेरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवायची. फडकी झाकणाच्या लोखंडी डब्यात, पाण्यात, आणि संध्याकाळी आवाराबाहेर. आणि काम चालू असताना ज्याला वास येतो असं माणूस कायम जवळ हवं.

हे माणूस कोण, हे विचारायची वेळच आली नाही. पटाशी आली तेव्हा वेतकाकांनी आपली खुर्ची, पाण्यात भिजत घातलेले वेत आणि बसायचं बाकडं डेकवर मांडून ठेवलं होतं.

"इथे तुम्हाला विणायला जमेल?" तिने विचारलं.

"मला काय उजेड लागतो? कुठेही बसतो मी."

न्याहारीच्या वेळी ती जेवणघरात उभी राहिली. दोर कुठल्या हाताला ते सांगून झाल्यावर म्हणाली, "आणखी एक. मला वास येत नाही. आठ-नऊ वर्षं झाली. परवा माझ्यामुळे आग लागता लागता राहिली. कुणालाही काही वेगळं जाणवलं, तर लगेच मला हाक मारा. उगाच असेल तरी चालेल."

मग मनगट मोडलेल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे काल आमच्या खोलीत सुटलेला साबणाचा वास तुम्हाला सांगितला तरी चालेल?" पटाशी "चालेल" म्हणाली. पुढचे तीन आठवडे तिला दिवसातून दहा वेळा हाका आल्या. बहुतेक फोडणीच्या, फिनेलच्या, आणि एकदा कुणाच्या तरी मोज्यांच्या. प्रत्येक हाकेला ती उठून गेली.

कठड्याकडचा भाग अवघड निघाला. गज चौकोनी, प्रत्येकाला चार कोपरे, आणि कोपऱ्यांत रंग गोठलेला. तिथे पट्टी जात नव्हती. दात घासायचे जुने ब्रश, खिळ्याचं टोक, काय काय वापरून तिने एकशे बारा गज साफ केले. वेतकाका बाकडं सरकवत गजांवर बोट फिरवायचे आणि मोजून परत पाठवायचे. "सातवा, खालून. अकरावा, मागून." कधी ती मुकाट्याने करायची, कधी म्हणायची, "काका, तुम्ही मुकादम असतात तर मी कारखाना पहिल्याच वर्षी सोडला असता." ते खूश व्हायचे.

आठव्या आठवड्याच्या मध्यावर दोर काढला. अधीक्षकबाईंनी समारंभ वगैरे केला नाही. जेवणाची घंटा झाली आणि माणसं नेहमीसारखी निघाली. पांढऱ्या काठ्या उघड्या लाकडावर टकटक वाजत होत्या. इतकी वर्षं रंगावर त्यांचा आवाज दबलेला असायचा. मनगट मोडलेल्या बाई कडेच्या खाचेच्या फळीवर थांबल्या, चप्पल काढली, अंगठा खाचेत घातला आणि तिथूनच वळून पायऱ्या उतरल्या. कठड्याला हात लावला नाही.

अधीक्षकबाई पटाशीशी शेवटपर्यंत कामापुरतंच बोलल्या. निघताना तिने पुढच्या कामांसाठी दोन ओळी लिहून मागितल्या. त्यांनी लगेच लिहून दिल्या. काम उत्तम, चिकाटी मोठी, असं लिहून खाली एक वेगळा परिच्छेद होता: यांना वास येत नाही, त्या ही गोष्ट स्वतः सांगतात आणि पुढीलप्रमाणे काळजी घेतात. त्याखाली त्याच सगळ्या अटी.

नवरा म्हणाला, "हे दाखवलंस तर कुणी काम देणार नाही. खालचा भाग कापून टाक." तिने कापला नाही. पहिल्या दोन ठिकाणी नकार आला. तिसरं काम एका ग्रंथालयाच्या खिडक्यांचं होतं. तिथल्या ग्रंथपालांनी चिठ्ठी दोनदा वाचली, मग विचारलं, "झाकणाचा डबा तुमचा आहे की आम्ही आणायचा?"

"माझा आहे."

"मग सोमवारपासून या."

आता तिच्याकडे पुरेशी कामं असतात. वर्षातून दोन दिवस ती वसतिगृहात जाते, डेकला तेल द्यायला. तेल आता तिथली माणसंच चोळतात, प्रत्येकाला दोन फळ्या वाटून दिलेल्या. कडेची खाचेची फळी कुणाला मिळावी यावरून दर वर्षी वाद होतो. मागच्या वर्षी ती वेतकाकांना मिळाली. त्यांनी ती अर्ध्या तासात संपवली आणि उरलेला दिवस इतरांच्या फळ्यांवर बोट फिरवत, कुणाचं कुठे कमी पडलंय ते सांगत काढला.